मिनिटांची वही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: हे पत्र मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून आले आहे. पत्रलेखक ५२ वर्षांचे असून तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलेले आहेत. गावातील जुन्या क्रीडा मंडळाचा संघ ज्या सिमेंटच्या मैदानावर सराव करतो, त्याच्या पायऱ्यांवर ते आणि त्यांचे सात-आठ मित्र गेली अनेक वर्षे रोज संध्याकाळी बसतात. यंदा मंडळाच्या खुल्या गटाच्या संघात १६-१७ वर्षांची तीन मुले आली. प्रशिक्षक सर मात्र तिशीतल्या जुन्या खेळाडूंनाच अधिक वेळ खेळवतात आणि त्यावरून पायरीवर दोन तट पडले. मुलांना उतरवल्याशिवाय ती शिकणार कशी, असे एक बाजू म्हणते आणि सोळाव्या वर्षी स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबकडून खेळलेल्या लुका डॉन्चिचचे उदाहरण देते. जागा कमवावी लागते, असे दुसरी बाजू म्हणते आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या वर्षी बाकावर बसलेल्या कोबी ब्रायंटचे उदाहरण देते. पत्रलेखक पहिल्या बाजूचे. त्यांनी चार महिन्यांतील अकरा सामन्यांत प्रत्येक मुलगा किती मिनिटे मैदानावर होता, याची स्टॉपवॉच लावून वही ठेवली. मुक्तिसंग्राम दिनाच्या स्पर्धेत संघ उपान्त्य फेरीत हरला, त्या रात्री त्यांनी वहीची पाने मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि सर्वांत गुणी मुलाचे नाव घेऊन ‘याला ४४० पैकी ३८ मिनिटे’ असे लिहिले. त्यांच्या तीस वर्षांपासूनच्या मित्राने खाली उत्तर दिले, ‘त्या ३८ मिनिटांत याने १४ वेळा चेंडू घालवला, तेही लिही.’ हे सगळे त्या मुलाने वाचले. दहा दिवस झाले, तो सरावाला आलेला नाही. सर पायरीकडे पाहत नाहीत, मित्र बोलत नाही आणि मुलाचे वडील ती वही मागत आहेत, कारण मुलाला छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या क्लबात घालण्याचा त्यांचा विचार आहे. पत्रलेखक विचारतात: वही घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे जावे आणि तरुण खेळाडूंना ठरावीक मिनिटे देण्याचा नियम मागावा, की मैदानावर जाणेच सोडावे?

सप्रेम नमस्कार.

अध्यक्षांकडे जावे का आणि मैदान सोडावे का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. दहा दिवस घरी बसलेल्या मुलाशी काय बोलावे, हे मात्र पत्रात कुठेही विचारलेले नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते, कारण नियम आणि हंगाम थांबू शकतात, सोळा वर्षांच्या मुलाच्या मनातले ते अकरावे आणि बारावे दिवस थांबत नाहीत.

तुमचा आकडा मुलाच्या बाजूचा होता आणि मित्राचा आकडा त्याच्या विरोधातला, अशी तुमच्या पत्राची मांडणी आहे. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा फरक उरत नाही. त्याचे नाव एका रात्री गावातल्या मोठ्या माणसांपुढे आले, त्याच्यापुढे ३८ आणि १४ असे दोन आकडे लागले आणि त्या दोन्ही आकड्यांवर कोणी बोट उचलून दाखवले, कोणी अंगठा. मी शाळेत असताना खो-खोच्या संघात होते. संघ बारा जणींचा आणि मैदानावर नऊ जणी, त्यामुळे एक संपूर्ण वर्ष मी राखीव तिघींपैकी एक होते. एका सामन्यात आमच्याच गल्लीतल्या एका मोठ्या माणसाने कडेला उभे राहून माझे नाव घेत ‘तिला का उतरवत नाही’ असे मोठ्याने विचारले. त्यांनी ते माझ्याच प्रेमापोटी विचारले होते. मला मात्र त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरे, असे वाटले, कारण मी बसलेली आहे हे तोवर ज्यांच्या लक्षात आले नव्हते, त्यांच्याही लक्षात आले आणि ज्या मैत्रिणीच्या जागी मी उतरावे असे ते म्हणत होते, ती माझ्यासमोरच मैदानात होती. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली, तरी राखीव खेळाडूची बाजू चारचौघांत घेतली की त्याचे ओझे कमी होते, या समजुतीवर माझा विश्वास बसत नाही.

तेव्हा आधी त्या मुलाला भेटा. त्याच्या वडिलांना कल्पना द्या, पण भेट त्यांच्या बैठकीत नको, कारण तिथे वहीचा विषय निघेल आणि मुलगा पुन्हा ऐकणारा होईल. क्लास सुटल्यावर चालता चालता बोलणे पुरेसे आहे. ‘तुझे नाव मी असे चारचौघांत घ्यायला नको होते, चूक माझी आहे’ एवढेच म्हणा आणि तिथे थांबा. त्यापुढे ‘पण सरांनी तुला’ असे वाक्य जोडले की माफीचे रूपांतर पुन्हा वादात होईल. सरावाला ये, असाही आग्रह धरू नका; तो निर्णय त्याचा आहे आणि ते बोलावणे सरांचे आहे. व्हॉट्सॲप गटावरची पाने काढून टाका, ज्या गटात चूक झाली त्याच गटात ती कबूल करा आणि अठरा वर्षांखालील कोणत्याही खेळाडूचे नाव घेऊन, कौतुकासाठी किंवा टीकेसाठी, गटावर काही लिहायचे नाही, असे सर्वांकडून मान्य करून घ्या. कौतुकाचाही मी जाणूनबुजून उल्लेख केला, कारण एका मुलाचे कौतुक हे उरलेल्या दोघांच्या मोजमापाचे पान असते.

आता वहीकडे वळू. तुम्ही अकरा सामने न चुकता स्टॉपवॉच लावलात, यामागची तळमळ मला दिसते आणि आकडेही खरेच असतील. माझी शंका आकड्यांच्या अर्थाविषयी आहे. मुलाला जितकी मिनिटे मिळतात तितका तो घडतो, हे तुमच्या वहीचे गृहीत आहे आणि ते तुम्ही इतके पक्के धरले आहे की पत्रात त्याचे कारणही दिलेले नाही. तुम्हीच लिहिले आहे की सराव आठवड्यातून सहा दिवस, दीड-दीड तास असतो. म्हणजे आठवड्याला ५४० मिनिटे आणि चार महिन्यांत नऊ हजारांहून अधिक. पावसाने बुडालेले दिवस वजा करूनही सात-आठ हजार उरतील. वहीत सामन्यांची ४४० मिनिटे आहेत आणि ज्या कित्येक हजार मिनिटांत मुलाच्या हाताला वळण लागते, त्यांच्याविषयी एक ओळही नाही. त्या दीड तासात चेंडू त्याच्या हातात किती वेळा येतो, डाव्या हाताने ड्रिबल करण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करते का, जुने खेळाडू त्याला अंगावर घेऊन खेळतात की सोडून देतात, या गोष्टी पायरीवरून दिसतात. मात्र त्या पाहण्यासाठी सामन्याच्या दिवसाची वाट पाहणे सोडावे लागेल.

सामन्यातली मिनिटे बिनमहत्त्वाची आहेत, असे मी म्हणत नाही. सरावात पास देताना समोरचा आपलाच सोबती असतो. सामन्यात परका माणूस अंगावर येतो, पंच शिट्टी वाजवतो, गर्दी ओरडते आणि त्या गोंधळात निर्णय घेण्याची सवय सामन्यातच लागते. प्रश्न मिनिटांच्या जातीचा आहे. तुमच्या मुलाला सामन्यामागे सरासरी साडेतीन मिनिटे मिळाली, हे वहीतून कळते. ती कोणती साडेतीन मिनिटे होती? संघ वीस गुणांनी पुढे किंवा मागे असताना शेवटी मिळालेली मिनिटे आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या दुसऱ्या चौथ्या हिश्श्यात), सामना बरोबरीत असताना, संघातल्या सर्वांत अनुभवी गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या खेळाडूच्या, सोबतीने मिळालेली मिनिटे यांची बेरीज एकाच रकान्यात करता येत नाही. पहिल्या प्रकारात समोरचा संघही सैल झालेला असतो आणि मुलगा आपली छाप पाडण्यासाठी घाईने चेंडू टाकत सुटतो. दुसऱ्या प्रकारात तो दोनच वेळा चेंडूला हात लावेल, पण डिफेन्समध्ये कुठे उभे राहायचे आणि कोणाला हाक द्यायची, हे त्याला आयुष्यभरासाठी कळेल.

याहून मोठी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही स्टॉपवॉचवर येत नाही. चूक केली की लगेच बाहेर यावे लागेल, हे ज्याला ठाऊक असते, तो मुलगा मैदानावर असतानाही मनाने बाकाकडे पाहत असतो. तो अवघड पास देत नाही, मोकळा असताना बास्केटकडे पाहत नाही आणि चेंडू हातात आला की लवकरात लवकर तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. अशी दहा मिनिटे मिळण्यापेक्षा सरांनी आधी सांगून दिलेली चार मिनिटे कितीतरी मोलाची आहेत: ‘दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटे तुझी, त्यात तीन वेळा चेंडू गेला तरी मी तुला काढणार नाही.’ बास्केटबॉलच्या नियमांत बदली खेळाडू कितीही वेळा उतरवण्याची मुभा असल्यामुळे हे सहज जमण्यासारखे आहे. तुम्हाला सरांकडे काही मागायचेच असेल, तर मिनिटे वाढवून मागण्याऐवजी ठरलेली मिनिटे मागा. मित्राने मोजलेल्या त्या १४ चुकांकडेही मग वेगळ्या नजरेने पाहता येईल, कारण चूक झाल्यावर मुलगा हात आपटून उभा राहिला की धावत मागे जाऊन त्याने समोरच्यांचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, अडवला, हे मोजले तर त्याच्या घडण्याचा अंदाज दोघांच्याही आकड्यांपेक्षा चांगला येईल.

हे आपल्या मातीला नवे नाही. जत्रेच्या आखाड्यात पोराटोरांच्या कुस्त्या आधी रेवड्या आणि नारळावर लागतात, मोठ्या इनामाच्या कुस्त्या उन्हे कलल्यावर होतात आणि आपल्या पठ्ठ्याची जोड कोणाशी लावायची, हे वस्ताद डोळ्यांत तेल घालून पाहतो. फार हलकी जोड लावली तर पोरगे काही शिकत नाही आणि फार जड लावली तर त्याची उमेद मोडते. गावकरी वस्तादाशी वाद घालतात, तोही जुनाच प्रघात आहे. मात्र त्या आखाड्यात एक सोय असते, जी तुमच्या मंडळात नाही: तिथे धाकट्यांच्या स्वतंत्र कुस्त्या भरपूर लागतात, त्यामुळे बड्या कुस्तीत पोराला घ्या, असा हट्ट कोणाला धरावा लागत नाही.

पायरीवर दोन्ही बाजूंनी दिली जाणारी उदाहरणे या दृष्टीने पुन्हा तपासून पाहा. डॉन्चिच ३० एप्रिल २०१५ रोजी, सोळा वर्षे आणि दोन महिने वयाचा असताना, रेआल माद्रिदच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरला, हे खरे आहे. परंतु त्या सामन्यात तो जेमतेम दोन मिनिटेही खेळला नव्हता. तेराव्या वर्षी स्लोव्हेनिया सोडून त्या क्लबात आलेला हा मुलगा त्याच हंगामात क्लबच्या दुय्यम संघाकडून स्पेनमधल्या चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध खेळत होता आणि अठरा वर्षांखालील संघातूनही खेळत होता. म्हणजे त्याला घडवणारी मिनिटे आपण ज्यांची चित्रफीत पाहतो ती नव्हेत. कोबी ब्रायंटने १९९६-९७ च्या पहिल्या हंगामात एनबीएच्या ४८ मिनिटांच्या सामन्यात सरासरी सुमारे १५ मिनिटे खेळ केला, हेही खरे आहे. पण तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमधला राखीव होता आणि १५ मिनिटे हा तुमच्या मुलाच्या साडेतीन मिनिटांच्या शेजारी ठेवण्याजोगा आकडा नव्हे. दोन्ही उदाहरणांत एक मोठी त्रुटी आहे: ती यशस्वी झालेल्यांची आहेत. सोळाव्या वर्षी उतरवलेली आणि विसाव्या वर्षी खेळ सोडलेली मुले, तसेच ‘जागा कमव’ असे ऐकत बाकावरून सरळ नोकरीला लागलेली मुले, कोणत्याच पायरीवरच्या वादात येत नाहीत.

मला स्वतःला यात सर्वांत उद्बोधक वाटते ते मायकल जॉर्डनच्या शाळेचे उदाहरण, कारण ते आपल्याकडे बहुधा उलटे सांगितले जाते. १९७८ साली दहावीत असताना विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलच्या मुख्य संघात त्याला घेतले नाही आणि त्याच्या वर्गातल्या उंच मुलाला घेतले, एवढाच भाग सगळ्यांना माहीत असतो आणि त्याला संघातून काढून टाकले होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात त्याला शाळेच्या दुय्यम संघात ठेवले होते. मुख्य संघात तो मोठ्या मुलांच्या मागे बसला असता. दुय्यम संघात चेंडू त्याच्या हातात राहिला आणि वर्षभर तो त्या संघाचा मुख्य खेळाडू म्हणून खेळला. अलीकडचे उदाहरण कॅमेरूनच्या पास्कल सियाकामचे आहे. २०१६ मध्ये एनबीएतल्या टोरांटो रॅप्टर्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत २७ व्या क्रमांकावर निवडले, सुरुवातीला अनेक सामन्यांत पहिल्या पाचांत खेळवले, मग ती जागा गेली आणि त्याला विकास लीगमधल्या, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधल्या, क्लबच्या संघात पाठवले. त्या संघाने २०१७ मध्ये विजेतेपद मिळवले, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकाम ठरला आणि दोन वर्षांनी तो एनबीए जिंकणाऱ्या संघाच्या पहिल्या पाचांत होता. खालच्या संघात पाठवणे म्हणजे शिक्षा, असे त्या वेळी त्याच्याही चाहत्यांना वाटले असेल. त्याला तिथे खेळायला सामने मिळाले.

म्हणून माझा मुख्य सल्ला वहीतल्या एका गुणाकारावरून येतो. चाळीस मिनिटांचा सामना आणि मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे एका सामन्यात संघाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. बारा जणांना ती अगदी समान वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटे ४० सेकंद येतात आणि तुमच्या मुलाला एक मिनिट वाढवून द्यायचे तर ते कोणाच्या तरी ताटातून काढावे लागते. ज्याच्या ताटातून ते निघेल, तो तिशीतला खेळाडू कदाचित दिवसभर दुकान सांभाळून किंवा शाळेत शिकवून संध्याकाळी मैदानावर येतो आणि त्याने हा संघ दहा वर्षे टिकवला आहे. तुमचे दोन तट याच २०० मिनिटांच्या वाटणीवर भांडत आहेत. त्या २०० ची ४०० करणे सरांच्या हातात नाही, कारण सरावातून त्यांना वेळ नाही. ते तुमच्या पायरीच्या हातात आहे.

मंडळाचा ‘ब’ संघ उभा करा. त्यात ती तीन मुले, मंडळाच्या सतरा वर्षांखालील गटातली पाच-सहा मुले आणि त्यांना सांभाळून घेणारे दोन अनुभवी खेळाडू असावेत, कारण नुसत्या मुलांच्या संघात धीर देणारे कोणी नसते. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, परळी, नांदेड या पट्ट्यात मैदाने आहेत, जुने खेळाडू आहेत आणि तुमच्यासारखी मित्रमंडळीही आहेत. रविवारी सकाळी एसटीने जाऊन, दोन सामने खेळून, संध्याकाळी परतता येते. करंडक, उद्घाटन आणि पाहुणे यांची काही गरज नाही. दोन चेंडू, एक शिट्टी, एक घड्याळ आणि जेवणाचे डबे पुरेत. उन्हाळ्यात सिमेंट तापते, म्हणून मार्चनंतर सामने सकाळी साडेनऊच्या आत संपवावे लागतील आणि ज्यांची दहावी-बारावीची परीक्षा आहे त्यांना फेब्रुवारीपासून मोकळे ठेवावे लागेल. तुमच्या मंडळात मुलींचा संघ आहे की नाही, हे पत्रात नाही. असेल तर तोही याच एसटीने न्या, कारण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि मुलींच्या संघांना सामने मिळण्याची टंचाई मुलांहून कितीतरी मोठी आहे. असे महिन्यातून दोन रविवार जमले तरी तुमच्या मुलाला एका महिन्यात साऱ्या हंगामापेक्षा अधिक मिनिटे मिळतील, तीही चेंडू हातात असलेली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. अध्यक्षांकडे जाऊन खुल्या गटात किमान मिनिटांचा नियम मागू नये, असे माझे मत आहे. खुल्या गटाचा संघ जिंकण्यासाठी उतरतो आणि तिथे कोणाला कधी उतरवायचे, हा अधिकार प्रशिक्षकांकडून काढून घेतला तर उद्या दुसरा पालक दुसरी वही घेऊन येईल. लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझे मत नेमके उलट आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी या खेळात बास्केटची उंची ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर ठेवतात आणि चेंडूही लहान देतात. म्हणजे वयाप्रमाणे खेळ बदलावा, हे तत्त्व खेळाने स्वतःच मान्य केले आहे. एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने २०१६ मध्ये मुलांच्या खेळासाठी जी मार्गदर्शक सूत्रे ठरवली, त्यांतही सर्वांत लहान गटात सर्वांना समान खेळ द्यावा आणि वय वाढेल तसा प्रशिक्षकांचा निर्णय मोठा व्हावा, असा क्रम आहे. तुमच्या मंडळात बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही जिंकण्यासाठी बाकावर बसवले जात असेल, तर त्याविरुद्ध अध्यक्षांकडे जरूर जा. त्या वयात जो मुलगा उंच दिसतो तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो किंवा वयोगटाच्या हिशेबात सात-आठ महिन्यांनी मोठा असतो आणि जो बुटका म्हणून बसवला जातो तो सोळाव्या वर्षी त्याच्या पुढे निघून जातो. तोवर त्याने खेळ सोडलेला नसावा, एवढीच अट असते.

मुलाच्या वडिलांना वही देऊ नका. त्यातले आकडे तीन मुलांचे आहेत, एकट्या त्यांच्या मुलाचे नाहीत. शहरातल्या क्लबात जावे की नाही, हा त्या कुटुंबाचा निर्णय आहे, पण तुमचे मत विचारले तर त्यांना एवढे जरूर सांगा की तिथल्या संघाचे नाव विचारण्याआधी तिथे त्या वयाच्या मुलांना महिन्याला किती सामने मिळतात, मुलगा राहणार कोठे आणि अकरावीचा अभ्यास कधी करणार, हे विचारावे. पंजाबच्या बल्लो के गावातून निघालेल्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची एनबीएमध्ये झालेली ती पहिली निवड होती आणि साऱ्या देशाला तिचा आनंद झाला. पुढे विकास लीगमध्येही त्याच्या वाट्याला थोडीच मिनिटे आली आणि एनबीएचा एकही सामना त्याला खेळता आला नाही. त्याची मेहनत कमी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. मोठ्या संघाच्या यादीत नाव येणे आणि मैदानावर उतरणे यांतले अंतर वडिलांच्या लक्षात यावे, म्हणून हे उदाहरण देते.

सरांकडे मात्र तुम्हाला जावेच लागेल आणि वही न घेता जावे लागेल. पत्रात तुम्ही सहज लिहून गेला आहात की या वर्षी तो मुलगा चार बोटे उंच झाला आणि क्लासमुळे त्याला सरावाला यायला उशीर होतो. या दोन्ही गोष्टी वाचताना मी थांबले. झपाट्याने उंची वाढत असताना उड्या मारणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखण्याचा त्रास पुष्कळदा होतो आणि सिमेंटच्या मैदानावर तो आणखी जाणवतो. मुले हे दुखणे घरी सांगत नाहीत, कधी कधी सरांना सांगतात आणि कोणाला सांगू नका, असेही म्हणतात. सरावाला उशिरा येणाऱ्याला पहिल्या पाचांत घ्यायचे नाही, असा सरांचा सर्वांना सारखा लागू असलेला नियमही असेल. सरांनी त्याला का कमी खेळवले, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण चार महिन्यांत तुम्ही त्यांना एकदाही विचारलेले नाही. आताही विचारू नका. एका मुलाविषयीचे कारण सांगण्यास ते तुम्हाला बांधील नाहीत. सराव संपल्यावर, मैदान रिकामे झाल्यावर जा, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागा आणि ‘ब’ संघाची कल्पना मांडा. संघ कोणाचा असावा, काय शिकवावे, कोणी किती खेळावे, हे तिथेही तेच ठरवतील. गाड्या, डबे, मैदाने आणि समोरचे संघ जमवणे तुमच्याकडे असेल. त्यांनी पहिल्या दिवशी नकार दिला, तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा. ज्यांचा मान चारचौघांत गेला आहे, त्यांना होकार द्यायला थोडा अवधी लागतो.

मैदान सोडण्याचा विचार मात्र मनातून काढा. तालुक्याच्या गावात बास्केटबॉल पाहायला रोज संध्याकाळी येणारी सात-आठ माणसे असणे, ही त्या तिन्ही मुलांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे आणि ती त्यांना तुम्ही नसाल तेव्हा जाणवेल. पायरीवर वाद होत राहतील, ते व्हावेतही. फक्त ते मुले घरी गेल्यावर आणि नावे न घेता व्हावेत.

मित्राचा प्रश्न उरला. तो बोलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे आणि तुम्ही त्याच्याकडे गेलात, असे लिहिलेले नाही. ‘ब’ संघाच्या पहिल्या रविवारी टेबलावर दोन माणसे लागतील: एक स्कोअर शीट भरायला आणि एक घड्याळ सांभाळायला. चेंडू बाहेर गेला, फाउल झाला, खेळाडू बदलला की त्या दोघांना दर वेळी एकमेकांना विचारून खात्री करावी लागते आणि तसे केले नाही तर सामना अडतो. स्टॉपवॉच तुमच्याकडे आहे, ते मित्राच्या घरी घेऊन जा आणि घड्याळाची जागा त्याला द्या. तुम्ही त्याच्या शेजारी पेन घेऊन बसा.